दावणीला बांधलेली मोटारसायकल

लिहायला बसलोय खरा, पण आधीच सांगून टाकतो. माझ्या दुकानात कधी कुणी मोठा माणूस आला नाही. मोठ्या माणसांच्या मोटारी असतात आणि त्यांचे मिस्त्रीही माझ्यापेक्षा स्वच्छ कपडे घालतात. मी पडलो मोटारसायकलवाला. त्यातही सांगलीत माझं नाव झालं ते चाकांच्या बेरिंगसाठी. इंजिन उघडून बसलेल्या मिस्त्रीभोवती बघ्यांचं कोंडाळं जमतं. बेरिंग बसवणाऱ्याकडे रस्त्यावरचं कुत्रंही मान वळवून बघत नाही. पण इंजिन बंद पडलं तर गिऱ्हाईक गाडी ढकलत, माझ्या आईबापांचा उद्धार करत का होईना, घरी पोचतं. पळत्या गाडीच्या पुढच्या चाकाचं बेरिंग फुटलं तर तेही पोचतं, फक्त कुठे पोचेल ते अल्लाला ठाऊक.

ज्यांनी बेरिंग पाहिलं नाही त्यांनी एक करावं. तळहातावर चार ज्वारीचे दाणे घ्यावेत, वर दुसरा तळहात ठेवावा आणि फिरवावा. हात घसरत नाहीत, दाण्यांवरून पळतात. दाण्यांच्या जागी पोलादी छर्रे, खालच्या हाताच्या जागी एक लहान कडी, वरच्याच्या जागी मोठी कडी, झालं बेरिंग. लहान कडी आसाला धरून गप्प बसते, मोठी कडी चाकाबरोबर फिरते आणि मधे छर्रे बिचारे दिवसभर पळत राहतात. त्यांना खायला फक्त ग्रीस लागतं, तेही बेताचं. कमी घातलं तर जळतात आणि जास्त घातलं तर ते वितळून ब्रेकवर जातं. मग गाडी थांबवायला झाड शोधावं लागतं.

बेरिंग बसवणं हे ताकदीचं काम नाही, आणि हे आमच्याकडच्या पैलवान मिस्त्र्यांना मरेपर्यंत पटलं नाही. चाकाच्या मधल्या हबात बेरिंग अगदी घट्ट बसतं. म्हणून आधी हब तापलेल्या विटेवर शेकायचा, म्हणजे तो केसभर फुगतो. मग बेरिंग सरळ धरून बाहेरच्या कडीवर हलके टोले द्यायचे. आतल्या कडीवर घाव घातला की तो छर्‍यांतून पलीकडे जातो आणि प्रत्येक छर्‍याखाली बारीक खळगा पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही. महिन्याभराने चाक गुरगुरायला लागतं आणि मग मिस्त्री म्हणतो, मालच खोटा आला. माल खोटा नसतो, मिस्त्रीचा हात खोटा असतो.

गुरगुरण्यावरून आठवलं. रहिमतपूरचा एक हळदीचा व्यापारी गाडी घेऊन आला तो हँडलला लिंबू, बिब्बा, काळी बाहुली असा सगळा बाजार लटकवूनच. सातारच्या रस्त्याला एका वळणावर म्हणे त्याच्या चाकात बाई रडायची. मांत्रिक झाला, उतारा झाला, तरी बाई काही उठेना. मी चाक खोललं. छर्‍यांना जागच्या जागी धरणारी पितळी जाळी तुटली होती आणि तिचे तुकडे वळणावर भार पडला की किंचाळत होते. ते कागदात गुंडाळून मी त्याच्या हातात दिले आणि म्हटलं, "ही घ्या तुमची बाई. घरी नेऊ नका, वहिनी भांडतील." तो हसला नाही. नवं बेरिंग बसलं, आवाज गेला, पण लिंबू त्याने काढलं नाही. गुण लिंबाला आला असंच तो शेवटपर्यंत लोकांना सांगत होता.

आता ज्या गाडीबद्दल लिहायचं म्हणून हा खटाटोप, तिच्याकडे वळतो.

दुसरी मोठी लढाई संपली तेव्हा लष्कराने मोटारसायकली ढिगाने विकायला काढल्या. मी लढाईभर पुण्याकडे लष्करी वर्कशॉपात फिटर होतो, म्हणून ती जनावरं माझ्या ओळखीची. आमचं घराणं नालबंदांचं. वडील बैलांच्या खुरांना पत्र्या ठोकायचे. मी खुरांवरून चाकांवर आलो एवढाच काय तो फरक, लाथ दोन्हीकडून बसते. सांगलीत माधवनगरच्या रस्त्याला मी पत्र्याचं दुकान टाकलं आणि जिल्ह्यातले सगळे फौजी आपापल्या गाड्या घेऊन तिथे यायला लागले. जिल्हा म्हणतोय ती आताची सवय. तेव्हा सांगली एका राजाची, माधवनगर दुसऱ्याचं, कुंडल तिसऱ्याचं आणि मधूनमधून इंग्रजाचा मुलूख. हद्द कुठे बदलली ते कळायचं नाही, कारण खड्डे सगळ्यांचे सारखे होते.

अशा गाड्यांपैकीच एक कुंडलच्या रंगरावची. रंगराव हवालदार म्हणून फौजेतून सुटला होता. आफ्रिकेच्या वाळूत मोटारसायकलवरून लष्कराची डाक पोचवायचं काम त्याने केलं होतं, त्यामुळे गाडीवर बसला की शेतकरी वाटायचा नाही, उतरला की दुसरं काही वाटायचा नाही. माधवनगरच्या एका गिरणीत त्याने काम मिळवलं होतं. कापडाचे नमुने आणि कागदपत्रं कराडच्या अडत्याकडे पोचवायची आणि तिकडचा निरोप आणायचा. सोमवार सोडून रोज. सोमवारची सुटी त्याने आधीच मागून घेतली होती आणि मॅनेजरची समजूत झाली होती की माणूस शंकराचा भक्त आहे.

पहिल्यांदा आला तो एका मंगळवारी. गाडी उभी केली, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "मिस्त्री, रिपोर्ट हाय. म्होरलं चाक बोलाय लागलंय."

मी गाडी स्टँडवर चढवली. चाक वरून आणि खालून धरून हलवलं तर चांगलंच डुलत होतं. बेरिंगमधे खेळ आला की असं होतं. खोललं आणि बघतच राहिलो. ग्रीस काळपट असायला हवं ते ताकासारखं पांढरं झालं होतं आणि त्यात बारीक वाळू. छर्रे गंजून तांबडे. धूळ जाऊ नये म्हणून हबाच्या तोंडाशी नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, एक चकती असते. ती धूळ अडवते, पण पाणी मिळालं तर पोटभर पिते. ही तर ओली चिंब होती.

"नदीतनं काढली का गाडी?" मी विचारलं.

"आईशप्पत न्हाई."

"मग हे पाणी काय आभाळातनं पडलं?"

"पावसाचा पत्त्या न्हाई गड्या, आभाळातनं कुठलं पडतंय?"

मी बेरिंग बदललं. आता ते बेरिंग म्हणजे बाजारात मिळणारी वस्तू नव्हती. त्या लष्करी गाड्यांची मापं निराळी. सांगलीत नाही, पुण्यात नाही, आणि विलायतेहून मागवायचं तर गिऱ्हाईक म्हातारं व्हायचं. मी अशाच एका मोडक्या गाडीचं कलेवर घेऊन ठेवलं होतं, त्याचे अवयव काढून काढून माझा धंदा चालला होता. म्हणून दीड महिन्याने रंगराव पुन्हा तसाच पांढरा चिखल घेऊन आला तेव्हा माझं टाळकं सरकलं.

"हवालदार," मी म्हटलं, "मला दोन गोष्टींचा तिटकारा आहे. ओलं ग्रीस आणि खोटं बोलणारं गिऱ्हाईक. तुम्ही दोन्ही एकदम आणता."

एरवी हा माणूस उलट बोलला असता. त्या दिवशी तो माझ्या हत्यारांच्या पेटीवर बसला आणि डोकं धरून म्हणाला, "मिस्त्री, ह्ये म्हाताऱ्याचं काम हाय. माजा बाप करतोय ह्ये. मुद्दाम."

मग सगळं बाहेर आलं. त्याचा बाप दादबा. रंगराव फौजेत असताना दादबाने एकट्याने बैलजोडीवर सगळी शेती ओढली होती. रंगराव परत आला त्या साली जोडीतला एक बैल पान लागून, म्हणजे साप चावून, मेला. राहिला पाखऱ्या. एकट्या बैलाला जू कुठलं? दादबा त्याला जोड शोधत होता. म्हातारा पाहुण्यांकडे लग्नाला गेला असताना रंगरावने पाखऱ्या बाजारात नेऊन विकला, फौजेतून मिळालेले पैसे त्यात घातले आणि मोटारसायकल दारात आणून उभी केली. दादबा लग्नाहून आला. त्याने रिकाम्या गोठ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि त्या दिवसापासून पोराशी बोलणं टाकलं.

"एक शबूद न्हाई," रंगराव म्हणाला. "दोन वरसं झाली. मी हितं बसलोय, त्यो थितं बसलाय, आन शेवंताला म्हनतोय, सूनबाई, तुज्या नवऱ्याला सांग, पान्याची पाळी सोमवारी हाय."

शेवंता म्हणजे रंगरावची बायको. एका ताटलीच्या अंतरावर बसलेल्या बापलेकांमधे ती दोन वर्षं डाक पोचवत होती. लष्करातली डाक याच्यापेक्षा सोपी असावी.

"गिरनीचा मॅनेजर म्हनतोय, आनि येकदा गाडी बसली तर दुसरा मानूस बगतो," रंगराव पुढे म्हणाला. "आता म्या ठरीवलंय. ह्या डावाला बेरिंग गेलं की घर सोडायचं. शेवंताला घिऊन पुन्याला जातो, न्हाईतर परत भरती हुतो. पर त्या म्हाताऱ्याचं त्वांड बगनार न्हाई. बापानं पोराच्या चाकात वाळू घालावी व्हय?"

 मिस्त्रीला काही सुचलं नाही की तो चाकाबद्दल विचारतो. मी विचारलं, "आवाज कधी सुरू होतो?"

तो आठवून म्हणाला, "ऐतवारपत्तुर बरं असतंय. मंगळवारी काडली की रडतंय."

"आणि सोमवारी गाडी कुठे असते?"

रंगराव खाली बघायला लागला. मग अगदी हळू म्हणाला, "दावनीला."

"कुठे?"

"दावनीला, मिस्त्री! गोठ्यात! ऐतवारी सांजच्याला म्हातारा तिला दाव्यानं खुट्ट्याला बांदतो. म्होरल्या चाकातनं दावं घालून निरगाठ. सोमवारी बैल जुपत न्हाईत आमच्यात, तवा गाडीबी काडायची न्हाई. मुद्दाम खोडी हाय त्याची. मला टोचाय. आन मी तरी काय करू? सोमवारी दिसभर मी पल्ल्याडच्या मळ्यात उसाला पानी पाजतो."

आमच्या भागात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो शंकराच्या नंदीचा दिवस, त्याचा आराम. वडिलांच्या हाताखाली पत्र्या ठोकत वाढलो, म्हणून मला ते ठाऊक होतं. पण सोमवार पाळणारी मोटारसायकल मी पहिल्यांदाच ऐकली. मी मोठ्यांदा हसलो. रंगराव हसला नाही, म्हणून मग मीही आवरतं घेतलं.

माझ्याकडे त्या मापाचं एकच बेरिंग उरलं होतं. ते मी बसवलं नाही. जुनंच रॉकेलमधे धुऊन, वाळवून, ग्रीस चोळून परत घातलं आणि म्हटलं, "आठवडा निघेल. हळू चालवा. पुढच्या सोमवारी मी कुंडलला येतो. चोर सापडल्याशिवाय नवं कुलूप लावण्यात अर्थ नाही."

सोमवारी सर्व्हिस मोटारीने कुंडलला उतरलो. खिशात तेलकट कागदात ते बेरिंग, पिशवीत पाने आणि एक हातोडी. रंगराव मळ्यात जातो असं शेवंताला सांगून निघाला आणि वाटेत मला भेटला. चाकातलं पाणी आणि वाळू ओढ्यातलीच असणार असा माझा हिशोब होता, म्हणून आम्ही तिकडे वळलो. ओढ्याच्या काठाला त्यांच्याच भावकीतल्या एकाचा ऊस उभा होता. त्यात आम्ही शिरून बसलो. उसात लपायचं असेल तर अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, हा या लेखातला एकमेव फुकटचा सल्ला. पात्याने माझे दोन्ही हात ओरबाडून निघाले आणि त्यावरचं बारीक, टोचरं कूस कॉलरमधे शिरलं. शेजारी रंगराव डोळे तांबडे करून बसला होता. त्याला बाप रंगेहाथ पकडायचा होता आणि मला पुढचा विचार करून घाम फुटला होता.

ओढ्यावर सोमवारची धुणी चालली होती. धुणी म्हणजे बैलांची. पाच-सहा जण आपापल्या जोड्या पाण्यात उतरवून घासत होते. तेवढ्यात दादबा आला. वाळका, उंच, डोक्याला मळकट पटका. एका हातात दावं आणि दुसऱ्या हातात हँडल. बैल हाकत न्यावा तसा तो मोटारसायकल घेऊन ओढ्यात उतरला आणि मधोमध, हब बुडतील एवढ्या पाण्यात, ती उभी केली.

"आयला!" रंगराव पुटपुटला. मी त्याचं मनगट धरलं.

काठावरच्या एकाने दादबाला डिवचलं, "काय दादबा, शिंगं लय वाकडी की तुमच्या बैलाची!"

"असू दे," दादबा म्हणाला. "तुज्या बैलागत धुताना अंगावर मुतत तरी न्हाई."

सगळे हसले. दादबा हसला नाही. त्याने धोतर खोचलं, पिंजराचा, म्हणजे भाताच्या काडाचा, बोळा केला, ओढ्यातली बारीक वाळू त्याला लावली आणि चाक घासायला बसला. आरे घासले, चाकाच्या कडेची धाव घासली आणि मग हबाच्या तोंडाशी बोट घालून तिथला काळा चिकटा, म्हणजे मी मायेने भरलेलं ग्रीस, खरवडून काढला. वर ओंजळीने पाणी मारलं. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. बैलाच्या खुरात अडकलेली घाण काढावी तितक्या काळजीने तो माझं काम धुऊन टाकत होता.

आणि घासता घासता तो बोलत होता. जनावराशी बोलतात तसा, हळू, तोंडातल्या तोंडात. आम्ही अगदी काठाला होतो म्हणून ऐकू आलं.

"लय पळीवतो व्हय रं तुला? त्येला सबूर कशी ती न्हाईच. बारका हुता तवापास्नं आसंच हाय. पळ बाबा, पळ. खातूस पितूस, पळाय पायजेच." मग थोडा वेळ नुसतं घासणं. मग पुन्हा. "रडाय लागलास का तू? कुरकुर करतूस येताना, मला ऐकाय येतंय. घाण साचती न्हवं पोटात, म्हून तर धुतोय. रोज त्येला घिऊन जातूस, तसा घिऊन येत जा. त्येला पाडू नगंस कुटं. येवडंच बग बाबा."

शेजारी रंगरावच्या मनगटातला जोर गेला, ते माझ्या हाताला कळलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना सांगत आलो की डोळ्यांत कूस गेलं होतं. कूस गेलंही होतं, पण ते कॉलरमधे.

मला नाक शिंकरायची गरज पडली आणि तिथेच घात झाला.

"कोन हाय रं उसात?" दादबा ताडकन उठला. "ऊस मोडतूस व्हय?" आणि वाळूने भरलेला तो बोळा माझ्या कपाळावर येऊन बसला. नेम चांगला होता.

मी हात वर करून बाहेर आलो. "मी सांगलीचा मिस्त्री, दादबा. मारू नका."

"मिस्त्री? आन उसात काय दुरुस्त कराय बसलाईस?"

या प्रश्नाला माझ्याकडे आजही चांगलं उत्तर नाही. काठावरचे सगळे बैल सोडून आमच्याकडे बघायला लागले. रंगराव अजून उसातच होता. आता म्हाताऱ्याला सांगायचं तरी काय? तुम्ही मायेने जे करताय त्याने पोराची गाडी मरतेय, उद्या परवा पोरगंही मरेल? मला ते जमलं नसतं. पण नालबंदाच्या घरातला असल्याने एक गोष्ट पाठ होती. बैल धुताना त्याच्या कानात पाणी जाऊ द्यायचं नसतं. कानात पाणी गेलेलं जनावर मान वाकडी करतं, चारा सोडतं, आणि कान वाहायला लागला की कामातून जातं. बैल धुणारा माणूस कानापाशी आला की त्याचा हात आपोआप हलका होतो.

मी ओढ्यात उतरलो आणि चाकाजवळ उकिडवा बसलो. "दादबा, बैल धुताना कानात पानी जाऊ देता व्हय?"

"येडा का खुळा? कानात कोन पानी घालंल?"

"मग ह्येचे कान कुठं हायेत, ठावं हाय?" मी हबाच्या दोन्ही तोंडांवर बोट ठेवलं. "ह्यो येक, आन ह्यो येक. ती काळी घाण न्हवं, त्ये औशद हाय. कानातलं. तुमी दर सोमवारी त्ये काडताय आन वाळूचं पानी भरताय. म्हून रडतंय ते."

दादबाने हबाकडे बघितलं. मग स्वतःच्या बोटाला लागलेलं ग्रीस बघितलं. त्या म्हाताऱ्याचा चेहरा असा उतरला की आपण हे बोललोच कशाला असं मला झालं. त्याने खांद्यावरचं फडकं ओढलं आणि त्या वाहत्या पाण्यात बसूनच हब पुसायला लागला. एकीकडे पुसत होता आणि दुसरीकडून पाणी आत शिरत होतं.

"आदी भाईर काडा," मी म्हटलं.

तेव्हा रंगराव उसातून बाहेर आला. दादबाने मान वर केली. काठावरचे लोक बैल घासायचे थांबले, कारण बापलेकांचं काय चाललंय ते सगळ्या कुंडलला ठाऊक होतं.  दादबाने शेवंता कुठे दिसते का म्हणून सवयीने आजूबाजूला बघितलं. शेवंता घरी होती. निरोप न्यायला कुणीच नव्हतं.

"लेका," तो पोराला म्हणाला, "जनावराच्या कानात पानी जातंय, त्ये सांगायचं न्हाईस व्हय?"

रंगराव पाण्यात उतरला. "सांगनार कुनाला? तुमी बोलत कुटं हुता?"

दादबा चाकापाशी उठून उभा राहिला. पाणी त्याच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. मग त्याने हँडल धरलं आणि म्हणाला, "मागनं ढकल."

बाप ओढत आणि लेक ढकलत गाडी घरी आली.  मी पिशवी घेऊन मागून चालत होतो, कपाळावरची वाळू पुसत.

दारात गाडी उभी करून मी चाक काढलं. शेवंताने न विचारता चुलीतली वीट काढून दिली, म्हणजे ही बाई माझ्यापेक्षा शहाणी असावी किंवा तिला विचारायची भीती वाटली असावी. हब विटेवर शेकला. जुनं बेरिंग बाहेर आलं ते हातात धरवत नव्हतं, छर्रे खडखडत होते. नमद्याच्या चकतीला पर्याय हवा होता. शेवंताने घोंगडीचा फाटका कोपरा दिला, तो गोल कापून तेलात भिजवला. घोंगडी तेल प्यायली की मग पाण्याला विचारत नाही. दादबाला चाक एका बाजूने धरायला सांगितलं, रंगरावला दुसऱ्या बाजूने, आणि मी बाहेरच्या कडीवर हलके टोले देत माझं शेवटचं बेरिंग बसवलं. या बेरिंगवर रंगरावने गिरणीचं काम पुढे सांभाळलं. सोमवारचं धुणंही थांबलं नाही. दादबा गाडी ओढ्यावर नेतच राहिला, फक्त काठावर ठेवून ओल्या फडक्याने पुसायचा, आणि हबापाशी आला की हात हलका व्हायचा. त्याला ते कान आहेत हे मी शिकवलं, आणि ते कान नाहीत हे सांगायला मी पुन्हा कधी गेलो नाही. यात फसवणूक असेल तर असो.

चाक बसलं, आस आवळला, फिरवून बघितलं. बेरिंग ऐकायची आमची एक रीत असते. पेचकसाचं टोक हबाजवळ टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. मी तो पेचकस दादबाच्या हातात दिला. तो वाकला, कान लावला, डोळे मिटले आणि रंगराव चाक फिरवत राहिला.

"कायबी ऐकाय येत न्हाई," दादबा म्हणाला.

"तेच पाहिजे," मी म्हटलं. "चांगलं चाक गप्प असतं."

दादबा सरळ झाला. पेचकस माझ्या हातात दिला, पटका काढून झटकला, परत बांधला आणि पोराकडे वळला.

"पाखऱ्या इकलास," तो म्हणाला, "तवा मला इच्यारलंस का?"

"आबा, मी..."

"मदी बोलू नगंस. इच्यारलंस का? त्येला म्या दूद पाजून वाडीवला. कुनाला इकलास त्ये तरी सांगाय पायजे हुतं. म्या तीन बाजार हिंडलो त्येला बगाय, तीन बाजार! आन तू फौजेत हुतास तवा, खत धाडलंस का कवा? सगळ्या गावाच्या पोरांची खतं येत हुती. म्या रोज जाऊन बसायचा डाकवाल्याच्या म्होरं. त्यो म्हनायचा, दादबा, आज न्हाई. रोज आपलं, आज न्हाई, आज न्हाई..."

रंगराव हात ग्रीसने माखलेले तसेच लोंबकळत ठेवून उभा होता. लढाईत सायबांच्या शिव्या खाल्लेला माणूस, पण असं उभं राहिलेलं मी त्याला कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायची सोय नव्हती, म्हणून ते तसंच गालावरून वाहत होतं. दादबा थांबायला तयार नव्हता. आता तो रंगरावच्या लहानपणी आंब्यावरून पडल्याच्या गोष्टीवर आला होता.

दोघांच्या मधे माझं काही काम राहिलं नव्हतं. मी पाने गोळा केले आणि सर्व्हिस मोटार चुकेल म्हणून निघालो. मागून शेवंता दारात आली. डोक्यावरचा पदर सारखा करत ती त्या दोघांकडे बघत होती आणि हसत होती.

"आवं मिस्त्री, जेवून जावा," ती म्हणाली. "ह्येंचं काय आज आवरायचं न्हाई. दोन वरसांचं हाय."